'चालू कंडिशन'चा भरवसा किती?

जुन्या संगणकांच्या बाजारात सगळ्यात महाग विकले जाणारे शब्द दोनच आहेत: 'चालू कंडिशन'. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचं नेहरू प्लेस असो, पुण्याचा जुना बाजार असो किंवा फोनवर फोटो पाहून ठरणारा व्यवहार असो, वीस-पंचवीस वर्षांचा मदरबोर्ड विकणारा आधी तेवढंच सांगतो आणि घेणाराही तेवढंच विचारतो. पडद्यावर अक्षरं उमटली, मेमरी मोजली गेली, एक बीप आला की सौदा पक्का. माझं म्हणणं असं आहे की ही कसोटीच चुकीची आहे. बोर्ड आज सुरू झाला म्हणजे आज सुरू झाला, एवढंच त्यातून कळतं. सहा महिन्यांनी तो सुरू होईल का, याचं उत्तर त्या बीपमध्ये नसतं. ते बोर्डावरच्या दोन अगदी स्वस्त भागांमध्ये असतं: पिंपासारखे दिसणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि घड्याळाची बॅटरी. जुन्या बोर्डाची किंमत या दोन गोष्टी कोणत्या अवस्थेत आहेत यावरून ठरायला हवी. आणि भरवशाचा बोर्ड आयता मिळेल ही आशा सोडून, घेतल्यावर तो भरवशाचा करून घ्यायची तयारी ठेवायला हवी.

हा केवळ छंदिष्टांचा विषय आहे असं वाटणं साहजिक आहे. पण तसं नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहा-बारा वर्षं मराठीत जे टाइप झालं, त्यातलं पुष्कळसं आजच्या युनिकोडमध्ये नाही. पुण्याच्या सी-डॅकचं 'जिस्ट' कार्ड हे संगणकाच्या आतल्या स्लॉटमध्ये बसवायचं कार्ड होतं. त्याच्या जोरावर डॉसमधल्या साध्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटायची. डीटीपीच्या देशी सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं कुलूप, म्हणजे डोंगल, लागायचं. छापखान्यांत, लहान वर्तमानपत्रांत, प्रकाशकांकडे आणि सरकारी कार्यालयांत त्या काळचा मजकूर फ्लॉपींवर पडून आहे. तसंच काही वर्कशॉपमधली यंत्रं आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतली उपकरणं अजूनही आयएसए स्लॉटमधल्या कार्डावर चालतात. आजच्या मदरबोर्डावर तो स्लॉट नाही, फ्लॉपीची केबल लावायला जागाही नाही. त्यामुळे जुना बोर्ड टिकवणं ही काही ठिकाणी रोजच्या कामाची गरज आहे आणि काही ठिकाणी भाषेच्या दप्तराची. दुसरीकडे हेच बोर्ड भंगारात किलोवर जातात, कारण त्यांच्या कनेक्टरवर आणि चिपांमध्ये थोडंसं सोनं असतं. खरेदीदाराची खरी स्पर्धा दुसऱ्या खरेदीदाराशी नसून भंगारवाल्याच्या काट्याशी आहे. दरवर्षी साठा घटत जाणार, वाढण्याचा प्रश्नच नाही.

कपॅसिटर इतका महत्त्वाचा का, हे समजायला इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणावी. पालिकेचं पाणी दिवसातून एकदा येतं, पण घरातला नळ दिवसभर वाहतो, कारण मध्ये टाकी आहे. प्रोसेसरच्या शेजारी दाटीने उभी असलेली पिंपं हेच काम करतात. २०००च्या आसपासचा एएमडीचा ॲथलॉन घ्या. त्याला साधारण १.७५ व्होल्टवर ४० अँपिअरच्या घरात वीज लागायची. वीजपुरवठ्यातून मात्र ५ किंवा १२ व्होल्ट येतात. ते खाली आणणारी मंडळं सेकंदाला दोन-तीन लाख वेळा चालू-बंद होतात आणि प्रत्येक चालू-बंदच्या मधली खाच भरून काढतो तो कपॅसिटर. आता कल्पना करा की टाकी पूर्ण भरलेली आहे, पण तिच्या तोंडाशी क्षार साचलेत. पाणी आहे, तरी हवं तेव्हा हवं तेवढं येत नाही. कपॅसिटर म्हातारा होतो तो असाच. त्याची साठवण कमी होण्याच्या आधीच त्याचा आतला रोध वाढतो. कारागीर त्याला ईएसआर म्हणतात. रोध वाढला की तो स्वतः तापतो, तापला की रोध आणखी वाढतो. प्रोसेसरला मिळणारा व्होल्टेज थरथरू लागतो. मग संगणक कारण नसताना अडकतो, स्वतःहून रीस्टार्ट होतो, विंडोज बसवताना मध्येच बंद पडतो. दोष मेमरीच्या माथी मारला जातो, हार्ड डिस्क बदलली जाते आणि खरा आजारी भाग समोर उभा असूनही कुणाचं लक्ष जात नाही.

हे म्हातारपण कधी येणार याचा अंदाजही बांधता येतो. मदरबोर्डावर वापरल्या जाणाऱ्या अनेक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचं आयुष्य १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास असं दिलेलं असतं. तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. म्हणजे तोच कपॅसिटर ६५ अंशांवर राहिला तर ३२,००० तास. कार्यालयातला संगणक दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस चालला, तर हे साधारण तेरा वर्षं पुरतं. पण धूळ साचून पंखा मंदावला आणि तापमान ७५ अंशांवर गेलं, तर तेरा वर्षांची सात वर्षंही उरत नाहीत. हिशेबातले तास संपले म्हणजे कपॅसिटर त्याच दिवशी मरतो असं नाही. तो कंपनीने ठरवलेल्या मर्यादेबाहेर जातो. तरी या आकडेवारीतून एक गोष्ट उघड होते. बोर्ड कोणत्या कंपनीचा, यापेक्षा तो कुठे राहिला, याला जास्त वजन आहे. वातानुकूलित बँकेत चाललेला बोर्ड आणि नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात चाललेला तोच बोर्ड, हे व्यवहारात दोन वेगळे बोर्ड आहेत. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत धुळीचा थर ओल धरतो आणि बारीक पायांवर गंज चढतो, ते आणखी निराळं. म्हणून विकणाऱ्याला 'चालू आहे का' हे विचारण्याआधी 'कुठून आला' हे विचारावं.

त्यातच एका काळाने या साध्या म्हातारपणात भर घातली. साधारण १९९९ ते २००७ या वर्षांत बनलेल्या असंख्य कपॅसिटरमध्ये, विशेषतः तैवानी बनावटीच्या, आतला द्रवच सदोष होता. स्वस्त आणि कमी रोधाचा कपॅसिटर बनवण्यासाठी द्रवात पाण्याचं प्रमाण जास्त ठेवायचं आणि पाण्याने ॲल्युमिनियम खाऊ नये म्हणून काही रसायनं घालायची, अशी ती कृती. संरक्षण करणारी रसायनं नीट नसतील तर पाणी आणि ॲल्युमिनियम यांच्या अभिक्रियेतून हायड्रोजन वायू तयार होतो, दाब वाढतो, झाकण फुगतं आणि शेवटी फुटतं. अर्धवट चोरलेल्या सूत्रातून हे घडलं अशी कथा त्या वेळी गाजली. ती पूर्ण सिद्ध झालेली नाही, पण परिणाम मात्र लपले नाहीत. डेलने ऑप्टिप्लेक्स संगणकांच्या दुरुस्तीपोटी २००५ मध्ये ३० कोटी डॉलरची तरतूद केली. ॲपलने आयमॅक जी५ साठी वॉरंटीबाहेरच्या मोफत दुरुस्तीची योजना आणली. अबिट ही तर हौशी लोकांची लाडकी मदरबोर्ड कंपनी. तिचेही अनेक बोर्ड याच रोगाने गेले.

इथे खरेदीदाराची एक मोठी अडचण होते. जुने खेळ, जुनं विंडोज ९८, एजीपी ग्राफिक्स कार्डं यांसाठी आज ज्या बोर्डांना सर्वांत जास्त मागणी आहे, त्यातले पुष्कळसे नेमके याच वर्षांतले आहेत. ॲथलॉनचे सॉकेट ए बोर्ड, उत्तरार्धातले पेंटियम तीनचे आणि पहिले पेंटियम चारचे बोर्ड, सगळे या पट्ट्यात येतात. भरवशाच्या दृष्टीने निवड करायची असेल तर माझा कौल थोडा मागे जाण्याचा आहे. एप्रिल १९९८ मध्ये आलेल्या इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटवरचे बोर्ड, उदाहरणार्थ असूसचा पी२बी, हे त्या रोगाच्या लाटेआधीचे. त्यांच्या प्रोसेसरला विजेची भूक कमी, त्यामुळे कपॅसिटरवर ताण कमी; बॅटरी नाण्यासारखी, काढून बदलता येणारी; आणि आयएसए स्लॉटही शाबूत. ज्याला जिस्टसारखं कार्ड किंवा यंत्राचं कंट्रोलर कार्ड चालवायचं आहे, त्याने चकचकीत आणि वेगवान बोर्डाच्या मागे न लागता इथेच थांबावं. साधारण २००७ नंतर घन पॉलिमरचे, सपाट डोक्याचे कपॅसिटर सर्रास आले आणि हा विशिष्ट त्रास बराच निवळला, पण तोवर आयएसए स्लॉट बोर्डावरून गेले होते.

त्याही मागे, ३८६ आणि ४८६च्या काळात गेलं, तर शत्रू बदलतो. त्या बोर्डांवर मोठी पिंपं फारशी नसतात. पिवळसर थेंबासारखे टँटलम कपॅसिटर असतात. ते बिघडले तर बहुधा शॉर्ट होतात आणि वर्षानुवर्षं बंद असलेला बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना फट्कन जळतात. हे दिसायला भीतीदायक, दुरुस्तीला सोपं. खरा घात करते ती कीबोर्डच्या सॉकेटजवळ डाखलेली, निळ्या किंवा हिरव्या वेष्टणातली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. तिच्यातून पाझरणारा क्षार तांब्याचे ट्रॅक खातो, चिपांचे पाय खातो, भोकांमधून बोर्डाच्या आतल्या थरांत उतरतो. फोटोत बॅटरीभोवती हिरवट-निळसर बुरशीसारखा थर दिसला, जवळच्या स्लॉटच्या पिना निस्तेज दिसल्या, हिरव्या लेपाखालचे ट्रॅक काळे पडलेले दिसले, तर नाव कितीही मोठं असो, हात आखडता घ्यावा. आणि बॅटरी कुणीतरी कापून काढलेली असेल, तर तिच्या जागेचा जवळून काढलेला फोटो मागावा. आधी पाझरली आणि मग काढली, की पाझरायच्या आत काढली, यावर सगळं अवलंबून आहे.

आता प्रत्यक्ष पाहणी. बोर्ड वरून पाहू नये. डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरावा आणि समोर खिडकी किंवा ट्यूबलाइट असावी. कपॅसिटरच्या डोक्यावर फुलीसारख्या किंवा इंग्रजी 'के' अक्षरासारख्या खाचा असतात. दाब वाढला तर झाकण तिथून फाटावं म्हणून त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. झाकण सपाट असेल तर त्यावर प्रकाश नव्या नाण्यासारखा एकसंध पसरतो. अगदी किंचित जरी फुगलं असेल तरी प्रकाश मध्यावर गोळा होऊन एक ठिपका दिसतो आणि खाचेच्या चारही पाकळ्या वेगवेगळ्या चमकतात. शंका असेल तर स्टीलची पट्टी झाकणावर आडवी ठेवावी. ती डुलली तर झाकण सपाट नाही. त्यानंतर बुंध्याकडे यावं. काही कपॅसिटर वरून फुगत नाहीत, खालचं रबरी बूच बाहेर ढकलतात, आणि पिंप एका बाजूला कललेलं दिसतं. बुंध्याशी तपकिरी डाग असेल तर तो द्रव असू शकतो किंवा कारखान्यात लावलेला डिंक. डिंक कोरडा आणि गुळगुळीत असतो, द्रवाने मात्र पायांवर पांढरट-हिरवा गंज धरलेला असतो. नजर आधी प्रोसेसरभोवती फिरवावी, मग मेमरीच्या आणि एजीपीच्या स्लॉटशेजारी. एकाच मालिकेचे आठ कपॅसिटर रांगेत असतील आणि त्यातले दोन फुगले असतील, तर उरलेले सहा ठीक आहेत असं समजू नये. ते एकाच द्रवाचे, एकाच वयाचे आणि एकाच उष्णतेत राहिलेले आहेत.

डोळ्यांना सगळं दिसतंच असं नाही, म्हणून दुसरी कसोटी थंड सुरुवातीची. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा रोध थंड असताना जास्त असतो आणि गरम झाल्यावर उतरतो. त्यामुळे थकलेला बोर्ड सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होत नाही, तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात होतो, आणि एकदा तापला की दिवसभर निमूट चालतो. दुकानात अर्धा तास आधीपासून चालू ठेवलेला बोर्ड दाखवला जातो, तेव्हा बहुतेकदा त्यात लबाडी नसते; पण त्या प्रात्यक्षिकाने नेमका हाच दोष झाकला जातो. म्हणून रात्रभर बंद ठेवलेला बोर्ड पहिल्यांदा सुरू करतानाचा, मध्ये न तोडलेला व्हिडिओ मागावा. ज्याच्याकडे ईएसआर मीटर आहे त्याने तो जरूर वापरावा, पण एक गोष्ट लक्षात ठेवून: प्रोसेसरजवळचे कपॅसिटर एकमेकांना समांतर जोडलेले असतात, त्यामुळे बोर्डावरच मोजलं तर चांगल्या शेजाऱ्यामुळे वाईट कपॅसिटरही चांगला वाटतो. खात्री हवी असेल तर एखादा काढून मोजावा लागतो. आणि घरी आणलेला बोर्ड तितक्याच जुन्या वीजपुरवठ्याला, म्हणजे एसएमपीएसला, कधीही जोडू नये. त्याच्या आतही तेच कपॅसिटर असतात, आणि ते बिघडले तर बोर्डाला भलतेच व्होल्ट मिळू शकतात. आधी एसएमपीएसचे ५ आणि १२ व्होल्ट मल्टिमीटरने मोजावेत, बोर्डावर कुठे शॉर्ट नाही हे पाहावं, मगच बटण दाबावं.

या सगळ्यातून किमतीबद्दल एक उलटं वाटणारं, पण मला ठामपणे मांडावंसं वाटणारं अनुमान निघतं. फुगलेल्या कपॅसिटरचा, 'बंद' म्हणून विकला जाणारा बोर्ड हा पुष्कळदा 'चालू' बोर्डापेक्षा चांगली खरेदी असते. त्याचा रोग समोर दिसतो, तो माहीत असलेला आहे आणि त्याचं औषध म्हणजे डझन-दीड डझन कपॅसिटर आणि हातात कसब असलेला कारागीर. त्याच काळातला 'चालू' बोर्डही पोटात तेच कपॅसिटर घेऊन आलेला असतो. फरक इतकाच, की त्याच्यासाठी जास्त पैसे मोजलेले असतात आणि दुरुस्तीचा खर्च पुढे यायचाच असतो. उलट बॅटरीने खाल्लेला बोर्ड आज चालत असेल तरी तो महागच, कारण आतल्या थरात तुटत जाणारा ट्रॅक शोधायला कितीही दिवस लागू शकतात. विक्रेत्यांनी हे समजून घेतलं तर त्यांचंही भलं आहे. कपॅसिटर फुगले म्हणून जो बोर्ड ते किलोने घालतात, तो प्रामाणिक फोटोंसह विकला तर काट्यावरच्या भावापेक्षा नक्कीच जास्त देऊन जाईल.

यावर काही हरकती येतात आणि त्या हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. पहिली अशी: जे मरायचे होते ते वीस वर्षांत मरून गेले, जे उरले ते चिवट, मग काळजी कशाला? बनावटीतल्या दोषापुरता हा युक्तिवाद खरा आहे. सदोष द्रवाचे बहुतेक कपॅसिटर पहिल्या काही वर्षांतच गेले. पण झीज ही वेगळी गोष्ट आहे. रबरी बुचातून द्रव हळूहळू उडून जाणं हे चांगल्यातल्या चांगल्या कपॅसिटरलाही चुकत नाही, आणि तो जितका जुना तितका शेवटाच्या जवळ. वीस वर्षं टिकणं हा पुढच्या वीस वर्षांचा हवाला होत नाही. दुसरी हरकत पेटीबंद मालाची: न वापरलेला, डब्यातला बोर्ड तरी सुरक्षित नाही का? तो तापलेला नाही हे त्याचं मोठं भाग्य. पण सदोष द्रवाचे कपॅसिटर वीज न लावताही फुगल्याचं दिसून आलं आहे, निकेल-कॅडमियम बॅटरी डब्यातही पाझरते, आणि वर्षानुवर्षं वीज न मिळाल्याने कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर कमकुवत होतो. तिसरी हरकत जपानी नावांची. रुबिकॉन, निचिकॉन, निप्पॉन केमी-कॉन ही नावं पिंपांवर दिसली की लोक निर्धास्त होतात, आणि बहुतांशी ते बरोबरही आहे. परंतु निचिकॉनच्या एचएम आणि एचएन या मालिकांचा २००१ ते २००४च्या आसपासचा माल आणि केमी-कॉनची केझेडजी ही मालिका दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये बदनाम आहे. नाव वाचावं, मालिकेची अक्षरं त्याहून नीट वाचावीत, आणि त्यानंतरही झाकणाकडे पाहावं.

मला सर्वांत विचार करायला लावणारी हरकत संग्राहकांची आहे. कपॅसिटर बदलले की बोर्ड 'मूळ' राहत नाही, असं ते म्हणतात. संग्रहालयातल्या काचेआड राहणाऱ्या वस्तूपुरतं हे मान्य करता येईल. पण चालवण्यासाठी घेतलेल्या बोर्डाला तो नियम लावणं मला पटत नाही. तबल्याची पुडी बदलतात, तंबोऱ्याच्या तारा बदलतात, जवारी काढतात. कुणी म्हणत नाही की हा आता तो तंबोरा राहिला नाही. वाजण्यासाठी बनलेल्या वस्तूचे काही भाग झिजण्यासाठीच असतात, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बनवणाऱ्याने स्वतःच त्याचं आयुष्य तासांत लिहून दिलेलं आहे. उलट मूळपणाच्या हट्टापायी फुटका कपॅसिटर तसाच ठेवला, तर त्याचा द्रव खालचे ट्रॅक खातो आणि प्रोसेसरला नीट वीज मिळत नाही. म्हणजे झिजणारा भाग वाचवण्यासाठी न झिजणारा भाग घालवायचा. काढलेले कपॅसिटर एका पुडीत घालून बोर्डाबरोबर ठेवावेत, आधीचे फोटो काढून ठेवावेत. इतिहासाला त्याहून जास्त काही लागत नाही.

पाचवा प्रश्न सरळ आहे: आजच्या संगणकावर जुन्याची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम असताना हा खटाटोप का? नुसता जुना खेळ खेळायचा असेल किंवा डॉसमधला प्रोग्रॅम उघडून पाहायचा असेल, तर डॉसबॉक्स पुरेसं आहे आणि तेच वापरावं. एक जुना बोर्ड दुसऱ्या गरजूसाठी शिल्लक राहील. पण स्लॉटमध्ये बसणारं खरं कार्ड, पोर्टात खोचलेलं खरं डोंगल, लेथला हुकूम देणारी खरी केबल यांची नक्कल तिथे होत नाही. आणि नक्कल किती चोख आहे हे ताडून पाहायलाही कुठेतरी एक अस्सल, धडधाकट यंत्र चालू असावं लागतं. ई-कचऱ्याबाबतच्या २०२२च्या नियमांत, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, जुन्या वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांचीही स्वतंत्र दखल आहे. कचरा म्हणून तोडण्याआधी वापरात आणता येतं का हे पाहावं, हा विचार आता कायद्यालाही परका नाही. ज्या संस्थांकडे जुनी दप्तरं फ्लॉपींवर आहेत, त्यांनी दोन-तीन चांगले बोर्ड आजच घेऊन, दुरुस्त करून ठेवावेत. वाचायची वेळ येईल तेव्हा ते बाजारात असतीलच असं नाही.

दुरुस्तीबद्दल मात्र सावधपणा हवा. सगळे कपॅसिटर आंधळेपणाने उपटू नयेत. सिरॅमिक कपॅसिटरांना हात लावायचं कारण नसतं. मदरबोर्डाच्या आतला जमिनीचा, म्हणजे ग्राउंडचा, तांब्याचा थर उष्णता शोषून घेतो. कमी ताकदीच्या सोल्डरिंग आयर्नने ओढाताण केली तर भोकाच्या आतला तांब्याचा मुलामाच कपॅसिटरच्या पायाबरोबर बाहेर येतो, आणि मग पाच मिनिटांचं काम आठवड्याचं होतं. नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा आणि कमी रोधाचा असावा. नुसते आकडे जुळवून रेडिओच्या दुकानातला साधा कपॅसिटर बसवला तर तो प्रोसेसरजवळ टिकत नाही. माल ज्याची पावती मिळते अशा ठिकाणाहून घ्यावा, कारण नामांकित नावांचे खोटे कपॅसिटरही बाजारात आहेत. बोर्डावर छापलेल्या वर्तुळाचा रंगवलेला अर्धा भाग बहुतेक ठिकाणी ऋण बाजू दाखवतो, पण काही बोर्डांवर खूण उलटी असते. म्हणून जुना काढण्याआधी त्याच्या पट्ट्याची दिशा फोटोत टिपावी. काम झालं की एका चिठ्ठीवर तारीख, बदललेल्या कपॅसिटरांच्या जागा, त्यांचं मूल्य आणि मालिका लिहून ती चिठ्ठी बोर्डाच्या डब्यात ठेवावी. पंधरा वर्षांनी तो डबा उघडणाऱ्याला बीपची वाट पाहण्याआधी तीच वाचायची आहे.